जुनाट हेपटायटिस बी आणि सी: रक्ताच्या रिपोर्टांतून कॅन्सरचा माग कुठवर लागतो?

निळीशाई | सोमवार, सकाळी ९:१५

बी किंवा सी विषाणू शरीरात कायमचा मुक्काम ठोकून बसलेल्यांच्या फायली चाळल्या की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "एएफपी नॉर्मल आहे, म्हणजे लिव्हर ठीक." (एएफपी म्हणजे यकृताच्या गाठीत अनेकदा वाढणारं रक्तातलं प्रथिन.) दुसरं, "व्हायरल लोड दिसेनासा झाला, आता तपासण्या बंद." (व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण.) दोन्ही चूक, आणि दोन्हींच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. पुढे कॅन्सर होण्याचा धोका किती, हे सांगणाऱ्या चाचण्या वेगळ्या. आज यकृतात गाठ आहे का, हे हुडकणाऱ्या वेगळ्या. एकीचं उत्तर दुसरीकडे मागितलं की फसगत ठरलेली.

धोका सांगणाऱ्यांत येतात व्हायरल लोड, एचबीएसएजीचं (बी विषाणूच्या आवरणातलं प्रथिन) मोजमाप, ई अँटिजेन (बी विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण), एएलटी-एएसटी (यकृताला इजा झाली की वाढणारी एन्झाइम), प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि या आकड्यांतून काढलेले फिब-४, एपीआरआय, पेज-बी वगैरे गुणांक. गाठ हुडकणाऱ्यांत एएफपी, एएफपी-एल३ आणि पिव्हका-२.

बी आणि सी यांच्यात एक मूलभूत फरक आहे, तो आधी सांगते. सी हा आरएनए विषाणू, तो आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये शिरत नाही. त्याचा कॅन्सर जवळजवळ नेहमी वाढलेल्या फायब्रोसिसच्या (यकृतात व्रणासारखे धागे साचणं) किंवा सिरॉसिसच्या (त्याची शेवटची अवस्था) वाटेनेच येतो. बीचा डीएनए मात्र यकृतपेशीच्या गुणसूत्रांत तुकड्यातुकड्यांनी घुसतो, त्यामुळे सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून सीमध्ये 'यकृत किती घट्ट झालंय' हा मुख्य प्रश्न. बीमध्ये त्याच्या जोडीला वय, पुरुष असणं, घरात कोणाला यकृताचा कॅन्सर झालेला असणं आणि विषाणूचं प्रमाण हेही धरावं लागतं.

व्हायरल लोडचं महत्त्व पक्कं झालं ते तैवानच्या रिव्हील अभ्यासाने. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेले ३,६५३ लोक, वय ३० ते ६५, सरासरी ११ वर्षांहून जास्त पाठपुरावा. निष्कर्ष २००६ मध्ये आले. सुरुवातीला दर मिलिलिटरला ३०० पेक्षा कमी कॉपी असलेल्यांत कॅन्सरचं एकूण प्रमाण १.३ टक्के, १० लाख आणि त्यावर असलेल्यांत १४.९ टक्के. धोक्याचा चढ साधारण १०,००० कॉपींपासून सुरू होतो. आजच्या रिपोर्टमध्ये एकक आययू असतं आणि १ आययू म्हणजे ढोबळमानाने ५ कॉपी, म्हणून तो उंबरठा २,००० आययू असा लिहिला जातो.

पण ही रेघ सरळ वर जात नाही. ई अँटिजेन पॉझिटिव्ह, एएलटी खरोखर नॉर्मल आणि लोड कोटींच्या घरात, अशा तरुण रुग्णाचा नजीकचा धोका लाखांच्या घरात लोड असलेल्या पन्नाशीच्या माणसापेक्षा कमी असतो. कारण तिथे प्रतिकारशक्ती आणि विषाणू यांची मारामारी अजून जुंपलेलीच नसते. त्यामुळे लोडचा आकडा वय आणि एएलटी सोडून वाचू नये.

लॅबच्या बाजूचं आणि गणिताचं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

लॅबवाला | सोमवार, सकाळी १०:४०

छान धागा. लॅबमध्ये काय काय बिघडतं ते लिहितो.

एकक. एएफपी काही ठिकाणी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये छापतात, काही ठिकाणी आययू प्रति मिलिलिटरमध्ये. १ आययू म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. २० नॅनोग्रॅमचा नेहमीचा उंबरठा आययूमध्ये साधारण १६.५ होतो. एका लॅबमध्ये १५ आणि दुसरीत १८ आला म्हणून लोक घाबरतात, प्रत्यक्षात फरक केवळ एककाचा असू शकतो. शिवाय दोन कंपन्यांची यंत्रं एकाच नमुन्याला थोडे वेगळे आकडे देतात. म्हणून एएफपीसाठी लॅब बदलू नये. बदलायचीच असेल तर पहिला नवा आकडा नवी सुरुवात म्हणून लिहावा, जुन्या रेघेला जोडू नये.

बायोटिन. केसांसाठी, नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन सर्रास असतं. ज्या यंत्रांची पद्धत बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनवर चालते तिथे ते मध्ये येतं आणि एएफपी किंवा एचबीएसएजीसारख्या 'सँडविच' चाचण्या खोट्या कमी येऊ शकतात. नव्या किटमध्ये कंपन्यांनी यावर बराच तोडगा काढलाय, पण आपल्या लॅबचं किट कोणत्या पिढीचं आहे हे रुग्णाला कळत नाही. रक्त देण्याआधी २-३ दिवस गोळी बंद ठेवणं सोपं. रक्त घेणाऱ्याला सांगायलाही विसरू नका.

प्लेटलेट. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. काही जणांच्या रक्तात त्यामुळेच प्लेटलेटचे पुंजके होतात, यंत्राला ते मोजता येत नाहीत आणि १.८ लाखाचा आकडा ८० हजार छापून येतो. पुढची सगळी गणितं प्लेटलेटवर उभी असल्यामुळे माणूस विनाकारण 'सिरॉसिस'मध्ये ढकलला जातो. प्लेटलेट अचानक घसरलेल्या दिसल्या तर काचपट्टीवर स्मिअर बघायला सांगा. पुंजके असतील तर सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजायचं आणि आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीतल्या द्रवाने रक्त पातळ होतं.

एएसटी. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या की एएसटी वाढतो, एएलटी त्या मानाने कमी हलतो. आदल्या दिवशी जिममध्ये जोर काढले असतील तरी एएसटी वर जातो, तो स्नायूंमधून आलेला. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' असा शेरा असेल तर त्या दिवशीचा फिब-४ काढूच नये.

व्हायरल लोड. ईडीटीए प्लाझ्मावर करतात. हेपॅरिनची हिरवी नळी चालत नाही, हेपॅरिन पीसीआरला अडथळा करतं. प्लाझ्मा २४ तासांच्या आत वेगळा व्हायला हवा. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून शनिवारी संध्याकाळी निघालेला नमुना सोमवारी शहरात पोचणार असेल तर तो न दिलेलाच बरा.

अजून एक. प्रचंड वाढलेला एएफपी यंत्राला कधी उलट कमी दिसतो, याला हूक इफेक्ट म्हणतात. सोनोग्राफीत मोठी गाठ आणि एएफपी जेमतेम वाढलेला, असं विसंगत चित्र असेल तर नमुना पातळ करून पुन्हा तपासायला सांगावं.

एएफपीला उपाशीपोटी यायची गरज नसते. सोनोग्राफीला मात्र ६-८ तास उपाशी राहिलेलं चांगलं. दोन्ही एकाच सकाळी उरकता येतात.

आकडेमोडे | सोमवार, दुपारी १:०५

गणित माझ्याकडे.

फिब-४ = वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. प्लेटलेट इथे 'हजारांत' घालायच्या. आपल्याकडच्या रिपोर्टवर १.१० लाख किंवा १,१०,००० असं लिहिलेलं असतं, सूत्रात जायला हवे ११०. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये १.१ टाकून फिब-४ चारशेच्या पुढे आलेले स्क्रीनशॉट फिरत असतात, ते या चुकीतून.

उदाहरण घेऊ. पुरुष, वय ५२, एएसटी ६४, एएलटी ४९, प्लेटलेट १.१० लाख.
५२ × ६४ = ३,३२८.
४९ चं वर्गमूळ ७; ११० × ७ = ७७०.
३,३२८ ÷ ७७० = ४.३२.

१.४५ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्यातला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर जास्त, मधलं सगळं धूसर. हे उंबरठे मुळात सी आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या रुग्णांवरून आले, बीमध्ये ते थोडे ढिले पडतात. सूत्रात वय थेट गुणलं जात असल्यामुळे पस्तिशीच्या आत आकडा फसवा कमी येतो. पासष्टीनंतर फसवा जास्त येतो, म्हणून तिथे खालचा उंबरठा वाढवून २ धरतात.

एपीआरआय = एएसटी भागिले एएसटीची वरची मर्यादा, त्याला भागिले प्लेटलेट, गुणिले १००. वरच्याच माणसाचं, मर्यादा ४० धरून: ६४ ÷ ४० = १.६, १.६ ÷ ११० × १०० = १.४५. जागतिक आरोग्य संघटनेच्या बीसाठीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ०.५ च्या वर म्हणजे लक्षणीय फायब्रोसिस आणि १ च्या वर म्हणजे सिरॉसिस धरून चालावं असं आहे. २०१५ मध्ये सिरॉसिससाठी हाच उंबरठा २ होता. जुने लेख वाचणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो.

पेज-बी. बीसाठी एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर या गोळ्या चालू असलेल्यांकरता. फक्त वय, लिंग आणि प्लेटलेट.
वय: ३० च्या आत ०, ३०-३९ ला २, ४०-४९ ला ४, ५०-५९ ला ६, ६०-६९ ला ८, ७० आणि पुढे १०.
पुरुष ६, स्त्री ०.
प्लेटलेट २ लाख किंवा जास्त असतील तर ०, १ ते २ लाखांमध्ये ६, १ लाखाच्या खाली ९.

आपला माणूस: ६ + ६ + ६ = १८. ९ पर्यंत कमी धोका, १० ते १७ मध्यम, १८ पासून जास्त. मूळ अभ्यासात ५ वर्षांत कॅन्सर झालेल्यांचं प्रमाण कमी गटात शून्य, मध्यम गटात ३-४ टक्के आणि जास्त गटात १६-१७ टक्के होतं. तो अभ्यास गोऱ्या युरोपीय वंशाच्या रुग्णांवरचा. कोरियात त्यात अल्ब्युमिन घालून सुधारित पेज-बी तयार केला गेला.

मजा अशी की पेज-बीमध्ये विषाणूचा एकही आकडा नाही. औषधाने लोड दिसेनासा झाल्यावर धोका उरतो तो वयाचा आणि यकृताच्या झालेल्या नुकसानीचा. प्लेटलेट इथे पोर्टल हायपरटेन्शनचा (यकृताकडे जाणाऱ्या शिरेत वाढलेल्या दाबाचा) निरोप घेऊन येतात: यकृत घट्ट होतं, प्लीहा फुगते, प्लेटलेट तिथे अडकतात.

कढीपत्ता | सोमवार, दुपारी ३:३०

वाचतेय, उपयुक्त चर्चा. दोन शंका.

१. एपीआरआय १.४ आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा घट्टपणा मोजणारी तपासणी) ७ किलोपास्कल, असं असेल तर कशावर विश्वास ठेवायचा?
२. रिपोर्टवर एएलटीची मर्यादा ५० छापलेली असते. ४२ आला तर तो नॉर्मलच ना?

निळीशाई | सोमवार, सायंकाळी ६:२०

कढीपत्ता, दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. अमेरिकन यकृततज्ज्ञांची संघटना बीसाठी पुरुषांना ३५ आणि स्त्रियांना २५ ही मर्यादा धरते. जागतिक आरोग्य संघटना त्याहून कडक आहे, ३० आणि १९. लॅबने छापलेली मर्यादा त्यांच्या यंत्रावरून आणि आसपासच्या लोकसंख्येवरून ठरते, त्या लोकसंख्येत फॅटी लिव्हरवालेही भरपूर असतात. जुनाट बी असलेल्या बाईचा एएलटी ४२ म्हणजे वाढलेलाच. ठळक अक्षरात छापला नाही एवढंच.

पहिला प्रश्न. एपीआरआय एएसटीवर नाचतो. त्या आठवड्यात ताप, दारू, नवीन औषध, व्यायाम, हिमोलिसिस यांतलं काही असेल तर तो फुगतो. फायब्रोस्कॅनचेही नखरे आहेत: तपासणीआधी ३ तासांत काही खाल्लं असेल तर आकडा वाढतो, एएलटी खूप चढलेला असतानाही यकृत सुजेमुळे घट्ट भासतं. एपीआरआय जास्त आणि स्कॅन कमी असेल तर पहिला संशय एएसटीवर किंवा प्लेटलेटच्या पुंजक्यांवर. सगळं शांत असताना दोन्ही पुन्हा करायचं. तरीही पटलं नाही तर सोनोग्राफीत प्लीहेची लांबी, पोर्टल व्हेन आणि यकृताचा पृष्ठभाग बघायचा. तिथे सहसा निकाल लागतो.

नवीन औषधावरून एक सांगणं भाग आहे. काविळीवरचा पाला, काढे, पुड्या. बीचा रुग्ण हे घेतोय आणि एएलटी ४०० झाला, तर तो विषाणूचा उसळा आहे की पाल्याने झालेली इजा, हे आकड्यावरून ओळखता येत नाही. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईहून वैद्यकीय नियतकालिकात आली होती. डॉक्टरांपासून लपवलेला काढा सगळे गुणांक बिघडवतो.

डोंगरवाट | सोमवार, रात्री ९:५०

थोडा विरोधी सूर लावतो. एएफपीला इतकी जागा का द्यायची?

समजा सिरॉसिसचे १,००० रुग्ण आहेत आणि आज त्यांतल्या १५ जणांच्या यकृतात कॅन्सर आहे. २० नॅनोग्रॅमच्या उंबरठ्याला एएफपीची संवेदनशीलता (कॅन्सर असलेल्यांपैकी किती पकडले) साधारण ६० टक्के आणि विशिष्टता (कॅन्सर नसलेल्यांपैकी किती नॉर्मल आले) ९० टक्के धरा. १५ पैकी ९ सापडले, ६ निसटले. उरलेल्या ९८५ पैकी जवळजवळ ९८ जणांना कॅन्सर नसताना 'वाढलाय' म्हणून रिपोर्ट मिळाला. एकूण १०७ जण घाबरले, त्यांतले खरे ९. म्हणजे दर १२ घाबरलेल्यांत एक. लहान गाठींमध्ये संवेदनशीलता याहून खाली जाते.

युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्ये याच कारणाने दर ६ महिन्यांनी फक्त सोनोग्राफीवर भर दिला. ४०० च्या वर एएफपी म्हणजे कॅन्सर असं निदान करायची पद्धत पूर्वी होती, तीही कधीच मागे पडली. आणि गरोदरपणात, वृषणाच्या काही गाठींत, हेपटायटिसच्या उसळ्यात एएफपी वाढतोच.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ८:३०

डोंगरवाट, गणित मान्य. पण त्यातून 'एएफपी नको' हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो 'एकटा एएफपी नको'.

सोनोग्राफीचीही तीच परीक्षा घ्या. सिरॉसिसच्या रुग्णांतल्या अभ्यासांची २०१८ मध्ये एकत्र मोजदाद झाली. लवकरच्या अवस्थेतली गाठ शोधण्यात एकट्या सोनोग्राफीची संवेदनशीलता ४५ टक्के निघाली, एएफपीची जोड दिल्यावर ६३ टक्के. अमेरिकन सूचना त्यामुळे दोन्ही एकत्र, दर ६ महिन्यांनी असं सांगतात. जपान आणखी पुढे: बी किंवा सीचा सिरॉसिस असेल तर दर ३-४ महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी, एएफपी-एल३, पिव्हका-२ असे तीन मार्कर.

शांघायच्या चाचणीत तर बी असलेले किंवा जुनाट हेपटायटिसचा इतिहास असलेले १८,८१६ लोक होते. दर ६ महिन्यांनी एएफपी आणि सोनोग्राफी केलेल्या गटात यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले, तेही बोलावलेल्यांपैकी जेमतेम ५८ टक्के हजर राहत असताना. निकाल २००४ मध्ये आले.

आपल्याकडचा मुद्दा असा की सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर आणि रुग्णाच्या पोटावर बरंच अवलंबून असतं. पोट सुटलेलं, यकृत चरबीने भरलेलं, उजव्या घुमटाखालचा भाग आतड्यातल्या वायूने झाकलेला. तिथे 'गाठ दिसली नाही' आणि 'नीट दिसलंच नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण दोन्हींचा रिपोर्ट सारखाच येतो. दृश्यता ए (चांगली), बी (मध्यम) की सी (खराब) हे रिपोर्टमध्ये लिहायची पद्धत आहे. मागून घ्या. दृश्यता सी असेल तर ती सोनोग्राफी झाली असं धरू नका.

एएफपी वाढल्यावर काय करायचं, ते क्रमाने:

पहिलं, एकक आणि लॅब तपासा. लॅबवाल्यांनी वर लिहिलंच आहे.

दुसरं, त्याच दिवशीचा एएलटी बघा. एएलटी ३०० आणि एएफपी ६० असेल तर यकृत स्वतःची डागडुजी करत असताना एएफपी वाढलेला असू शकतो. उसळा ओसरला की तो काही आठवड्यांत एएलटीच्या मागोमाग उतरतो. एएलटी उतरला आणि एएफपी तिथेच राहिला किंवा चढला, तर मात्र थांबायचं नाही.

तिसरं, एएलटी शांत असताना २० किंवा जास्त, किंवा २० च्या आत असूनही ४, ७, ११, १६ असा प्रत्येक वेळी चढता. सोनोग्राफी स्वच्छ असली तरी कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय. चिठ्ठीवर 'मल्टिफेज लिव्हर प्रोटोकॉल' (कॉन्ट्रास्ट दिल्यावर वेगवेगळ्या वेळी, म्हणजे फेजमध्ये, घेतलेली चित्रं) असं लिहून घ्या. साध्या एका फेजच्या 'पोटाच्या सीटी'चा इथे उपयोग नाही. यकृताच्या कॅन्सरची खूण आहे धमनीच्या फेजमध्ये उजळणं आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूपेक्षा काळं पडणं, आणि ती एका फेजमध्ये दिसूच शकत नाही. सिरॉसिस किंवा जुनाट बी असलेल्यांत १ सेंटिमीटर किंवा मोठ्या गाठीत ही खूण स्पष्ट असेल तर बायोप्सीशिवायही निदान होतं. कॉन्ट्रास्ट देण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) करून घ्या.

सोनोग्राफीत १ सेंटिमीटरपेक्षा लहान ठिपका आला तर ३ ते ६ महिन्यांत पुन्हा सोनोग्राफी. लगेच सीटीची घाई नाही.

आणि ६ महिनेच का? गाठ दुप्पट व्हायला साधारण ४ ते ६ महिने लागतात. वर्षभर थांबलात तर २ सेंटिमीटरची गाठ उपचाराच्या सोप्या पायऱ्या ओलांडून पुढे गेलेली असू शकते.

डोंगरवाट | मंगळवार, सकाळी ९:४०

'एकटा नको' याला +१. चढत्या रेघेचा मुद्दा पटला. माझा आक्षेप सोनोग्राफी टाळून नुसता एएफपी करणाऱ्या 'फुल बॉडी' पॅकेजांवर होता.

लॅबवाला | मंगळवार, सकाळी ११:१५

जपानच्या तीन मार्करांविषयी.

एएफपी-एल३ म्हणजे एएफपीचाच एक उपप्रकार. त्यावरच्या साखरेच्या साखळीला फ्युकोज जास्तीचं चिकटलेलं असतं, त्यामुळे तो मसुराच्या डाळीतल्या लेक्टिनला बांधला जातो. मसूरच, चेष्टा नाही. आकडा टक्क्यांत येतो, १० च्या वर असेल तर संशय. एकूण एएफपी फार कमी असेल तेव्हा जुन्या पद्धतीत ही टक्केवारी भरवशाची नसते, त्यासाठी अतिसंवेदनशील पद्धत लागते. एएफपी २५ आहे आणि उसळ्यामुळे की गाठीमुळे ते कळत नाही, अशा वेळी हा खरा उपयोगी.

पिव्हका-२ म्हणजे अर्धवट तयार झालेलं प्रोथ्रॉम्बिन. के जीवनसत्त्व नसलं की यकृत असं कच्चं प्रोथ्रॉम्बिन सोडतं, आणि कॅन्सरच्या पेशीही तेच करतात. जपानी पद्धतीत उंबरठा ४० एमएयू प्रति मिलिलिटर. वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसेनोकुमॅरॉल चालू असेल, पित्तनलिका अडून कावीळ झाली असेल, किंवा बरेच दिवस अँटिबायोटिक आणि खाणं कमी असेल, तर आकडा शेकड्यांत, हजारांत जातो आणि त्याचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. रक्त पातळ करणाऱ्या या दोन गोळ्यांवर असलेल्याने ही चाचणी करून पैसे घालवू नयेत. एएफपी आणि पिव्हका-२ एकमेकांबरोबर हलत नाहीत. काही गाठी फक्त एक सोडतात, काही फक्त दुसरं. म्हणून जोडी कामाची.

तिन्ही मार्कर, वय आणि लिंग मिळून गॅलड गुणांक होतो. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये मांडला गेला, उंबरठा उणे ०.६३. सूत्रात घालताना पिव्हका-२ चं एकक तपासा. कुठे ते नॅनोग्रॅममध्ये असतं, कुठे एमएयूमध्ये, आणि दोन्हींत मोठा फरक आहे.

आकडेमोडे | मंगळवार, दुपारी १२:३०

गॅलडवर पुरवणी. सूत्रात वयाच्या प्रत्येक वर्षाला ०.०९ आणि पुरुष असण्याला १.६७ मिळतात. ७० वर्षांचा पुरुष आणि ४० वर्षांची स्त्री यांचे तिन्ही मार्कर अगदी सारखे असले तरी दोघांच्या गुणांकांत ४.३७ चा फरक पडतो. म्हणजे वयस्क पुरुषात तो थोड्याशा कारणानेही उंबरठा ओलांडतो आणि तरुण स्त्रीत खरी गाठही लपू शकते. इथेही एकट्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा मागचा आकडा मोलाचा.

कढीपत्ता | मंगळवार, दुपारी ४:००

सी पूर्ण बरा झाल्यावरही हे सगळं करत राहायचं? आणि एचबीएसएजीचं मोजमाप कशासाठी, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पुरत नाही?

निळीशाई | मंगळवार, रात्री ८:४५

सीची गोळ्यांची १२ किंवा २४ आठवड्यांची फेरी संपल्यानंतर १२ आठवड्यांनी आरएनए सापडला नाही तर विषाणू गेला असं धरतात. अँटी-एचसीव्ही (सीविरुद्धची प्रतिपिंडं) मात्र बहुतेकांत पॉझिटिव्हच राहतो, तो पुन्हा पुन्हा करून काळजी वाढवू नका. विषाणू गेल्यावर कॅन्सरचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी घटतो, शून्य होत नाही. उपचाराआधी सिरॉसिस असेल तर ६ महिन्यांची सोनोग्राफी आणि एएफपी पुढेही चालू. बरं झाल्यावर फिब-४ घसरतो, कारण सूज उतरून एएसटी-एएलटी कमी होतात. घसरलेल्या फिब-४ वर विसंबून सिरॉसिसच्या रुग्णाची देखरेख बंद करू नये. उलट बरं झाल्यानंतरही ३.२५ च्या वर राहिला तर तो धोक्याचा. एक फायदा मात्र होतो: पार्श्वभूमीची सूज गेल्यामुळे एएफपी खाली येतो, आणि मग त्यातली छोटी वाढही नजरेत भरते. बीमध्ये औषधाने लोड दाबल्यावरही असंच होतं.

एचबीएसएजीचं मोजमाप बीमध्ये लोड कमी असलेल्यांसाठी. लोड २,००० च्या आत, एएलटी नॉर्मल, पण एचबीएसएजी १,००० आययूच्या वर असेल तर तैवानमध्ये अशांत कॅन्सरचा धोका जास्त दिसला. १,००० च्या खाली आणि लोडही कमी असेल तर 'शांत वाहक' हे निदान जास्त भरवशाचं. तैवानमध्ये बी विषाणूचे जनुकप्रकार 'बी' आणि 'सी' चालतात, आपल्याकडे मुख्यतः 'डी' आणि 'ए', त्यामुळे आकडा दिशादर्शक समजा. आणि एकदा केलेली चाचणी पुरत नाही. वर्षभरात ३-४ वेळा एएलटी आणि एक-दोनदा लोड पाहिल्याशिवाय कोणाला 'शांत' म्हणू नये. बीची सवयच झोपेचं सोंग घेण्याची.

एचबीएसएजी आपोआप गेला तरी वय पन्नाशीपुढे असेल किंवा सिरॉसिस असेल तर देखरेख चालूच. जनुकांत शिरलेले तुकडे तिथेच असतात.

बी असलेल्यांनी अँटी-एचडीव्हीही (डेल्टा विषाणूची चाचणी) एकदा करावी. डेल्टा विषाणू बीच्या आधारानेच जगतो, आणि दोन्ही एकत्र असतील तर सिरॉसिस आणि कॅन्सर दोन्ही लवकर.

मावळतीकडे | बुधवार, सकाळी ७:५०

खर्चाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे. त्यात बी आणि सीचं निदान, व्हायरल लोड आणि औषधं मोफत आहेत. उपचार केंद्रं जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. पहिल्या भेटीला जुना एचबीएसएजी किंवा अँटी-एचसीव्ही रिपोर्ट, अलीकडचा सीबीसी, लिव्हर फंक्शन, क्रिएटिनिन आणि असेल ती सोनोग्राफी न्या. सीबीसी आणि लिव्हर फंक्शन एकाच दिवसाचे हवेत, नाहीतर तिथला डॉक्टर फिब-४ कशाच्या जोरावर काढणार?

बीची गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. मोफत साठा संपला म्हणून महिनाभर थांबवली तर जोराचा उसळा येऊ शकतो, सिरॉसिसमध्ये तो जिवावर बेततो. साठा संपायच्या दोन आठवडे आधी केंद्रावर जायचं.

अवांतर: बी असलेल्यांनी खवट, बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका फेकून द्यावा. त्यातलं अ‍ॅफ्लाटॉक्सिन आणि बी विषाणू मिळून कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढवतात. भाजून ते जात नाही, आणि चटणीत तिखट-लसूण घातलं की खवटपणा कळतही नाही.

लॅबवाला | बुधवार, सकाळी १०:०५

फायलीत ठेवायचा कागद एवढाच: एका ओळीत एक तारीख, आणि रकाने लॅबचं नाव, एएसटी, एएलटी, प्लेटलेट, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, एएफपी एककासकट, व्हायरल लोड, सोनोग्राफीची दृश्यता आणि त्या वेळी चालू असलेली औषधं. शेवटचा रकाना बहुतेक कोरा सापडतो, आणि न उलगडणाऱ्या आकड्यांची निम्मी उत्तरं तिथेच असतात.

व्हायरल लोड लिहिताना लॉगही (१० चा कितवा घात ते) लिहा. ३,००० चा ६,००० झाला म्हणजे दुप्पट वाटतं, पण लॉगमध्ये तो ३.४८ वरून ३.७८ झाला. अर्ध्या लॉगच्या आतला फरक चाचणीच्या चढउतारात मोडतो. औषध चालू असताना लोड सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा एक पूर्ण लॉग वर गेला, म्हणजे दहापट, तर आधी गोळ्या चुकल्या का ते विचारायचं आणि मग औषध बदलायचा विचार.

कढीपत्ता | बुधवार, सकाळी १०:४०

एक राहिलं. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी (बीविरुद्धची एक प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह असेल तर?

निळीशाई | बुधवार, दुपारी १:१०

म्हणजे बी कधीतरी येऊन गेला. यकृत एरवी निरोगी असेल तर दर ६ महिन्यांच्या तपासण्यांची गरज नाही. पण केमोथेरपी, रितुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं एक औषध) किंवा बराच काळ स्टेरॉइड सुरू होणार असेल तर तो रिपोर्ट त्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा. दबलेला विषाणू अशा वेळी उठतो, आणि रितुक्सिमॅबमध्ये तर प्रतिबंधक गोळी आधीपासून सुरू करून उपचार संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवतात. त्यासाठी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसी टोटल मागायची. नुसती आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारी प्रतिपिंडं) केली तर जुना संसर्ग दिसत नाही.